गुरुवारची रद्द फेरी

गुरुवारी कामावर निघताना सूरकाका आधी दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालत आणि मगच जिना उतरत. शेजाऱ्यांना वाटे, म्हाताऱ्याला वारा सोसत नाही. कारण वेगळं होतं. काका पियानो जुळवायचे. पियानोत एकेका सुराला बहुतेक तीन तारा असतात, आणि त्या अशा मिळवायच्या असतात की तीन आहेत हे कुणाला कळू नये. एखादी केसभर जरी हलली, तरी आवाजात बारीक लाट उठते. ती लाट कानानं धरायची, खुंटी पिळत पिळत लांबवत न्यायची, आणि विरली की हात काढून घ्यायचा. तासभर भोंगे ऐकून आलेल्या कानाला ती लाट सापडत नाही. म्हणून कापूस. नाट्यगृहाच्या दारात पोचल्यावर काका तो काढत, एका डबीत ठेवत, आणि ताजे कान घेऊन आत शिरत.

चौतीस वर्षं हे चाललं होतं. दोन नाट्यगृहं, एक संगीतशाळा, एक नृत्याचा वर्ग आणि एका हॉटेलातला पांढरा पियानो, ज्यावर कुणीतरी नेहमी पेला ठेवून जाई. मोठेमोठे वादक यायचे, वाजवायचे, टाळ्या घेऊन जायचे. काका विंगेत उभे राहून ऐकत आणि प्रयोग संपायच्या आत मागच्या दारानं निघून जात. त्यांचं नाव कुठल्याही पत्रिकेवर कधी छापलं गेलं नाही आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नाही. एकदा एका वादकानं पडदा पडल्यावर विचारलं होतं, "आज कुणी जुळवला?" तेवढं त्यांना पाच वर्षं पुरलं.

अवजारांची बॅग मात्र जड होती. साठी जवळ आली तशी ती बॅग खांद्याला नको म्हणू लागली, आणि बायकोनं त्यांच्या फोनवर टॅक्सी बोलावण्याचं ॲप घालून दिलं. अशा रीतीनं सारथ्याचा प्रवेश झाला.

तसा तो रस्त्यावरच्या हजारांसारखाच एक. चाळिशीचा, स्वच्छ शर्टाचा, आरशात बघून बोलणारा. पण पहिल्याच दिवशी तो गाडी बाजूला लावून उतरला, बॅग उचलली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या संगीतशाळेत नेऊन ठेवली. "गाडी काय काका, राहील उभी. तुमचा खांदा राहायला पाहिजे." काका विरघळले. त्यांनी त्याचं नाव सारथी ठेवलं. दर गुरुवारी तोच हवा असा हट्ट धरला, तेव्हा सारथी त्या वेळी गल्लीच्या तोंडाशी थांबू लागला, म्हणजे ॲपवरची फेरी त्यालाच लागे. सारथी घरी चहाला येऊ लागला, काकांच्या बायकोला वहिनी म्हणू लागला, बिघडलेली शेगडी दुरुस्त करून गेला. त्याची मुलगी संगीतशाळेत शिकायला लागली तेव्हा काकांनी तिथल्या बाईंपाशी शब्द टाकला आणि तिची फी निम्मी करून घेतली.

एके दिवशी बोलता बोलता सारथ्यानं सांगितलं की, भाड्याचा चौथा हिस्सा कंपनी कापून घेते.

"गाडी तुझी, इंधन तुझं, पाठ तुझी," काका म्हणाले. "कंपनी काय करते?"

"कंपनी टिंग वाजवते काका."

काकांनीच मग युक्ती काढली. ॲपवर फेरी मागवायची, म्हणजे त्या वेळी सारथ्याला दुसरं गिऱ्हाईक लागणार नाही. तो दारात आला की काकांनी आपल्या हातानं फेरी रद्द करायची. आणि उतरताना पूर्ण भाडं त्याच्या हातात द्यायचं. सारथी पहिल्यांदा म्हणाला, "नको काका, नियमात बसत नाही." दुसऱ्यांदा तो तसं काही म्हणाला नाही.

बायकोनं टोमणा मारला, "वा. कंपनीला फसवण्याचा पराक्रम या वयात."

"फसवतोय कुठं? मी एक पैसा कमी देत नाही. ज्याचं त्याला देतो, एवढंच."

"अहो, पण मग त्या गाडीत तुम्ही कोण? गिऱ्हाईक की पाहुणे?"

"घरचा माणूस," काका म्हणाले, आणि त्या उत्तरावर इतके खूश झाले की दोन दिवस ते ज्याला त्याला ऐकवत सुटले.

तीन वर्षं अशी गेली. दर गुरुवारी सकाळी दहाला काका गाडीत बसत, फोन डोळ्यांपासून लांब धरून फेरी रद्द करत आणि कानांत कापूस असल्यामुळे सारथ्याला म्हणत, "बोल आता, पण मोठ्यानं बोल." कापूस कशाला, हे सारथ्यानं पहिल्याच महिन्यात विचारून घेतलं होतं. त्याला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. डबी घरी विसरली तर असावा म्हणून त्यानं कापसाचं एक पुडकं गाडीतही ठेवलं होतं.

अपघात झाला तोही गुरुवारी. वळणावर सिमेंटचा ट्रक उभा होता. सारथ्यासमोरचा फोन वाजला. काकांची फेरी रद्द झाल्यामुळे कंपनीच्या लेखी तो मोकळा होता, आणि कंपनी त्याला नवं भाडं देत होती. ते नाकारायला त्यानं हात पुढे केला. एवढंच. गाडी डाव्या अंगानं ट्रकला घासत गेली आणि काकांचं डोकं खिडकीच्या काचेवर आपटलं.

पुढचं काकांना तुकड्यातुकड्यांनी आठवे. पदपथाची गार फरशी. कुणीतरी दिलेली पाण्याची बाटली. आणि समोर उकिडवा बसलेला, ओठ पांढरे पडलेला सारथी.

"काका, पोलीस येतायत. एक ऐका माझं. भाडं दिलं म्हणू नका. ओळखीतला म्हणून सोडायला निघालो होतो, असं सांगा. गाडीचा विमा घरगुती आहे. भाड्यानं चालवतो म्हटलं तर विमावाले हात वर करतील. आणि रद्द करून नेतो हे कळलं तर कंपनी माझं खातं बंद करेल. माझी चूल बंद होईल काका."

डाव्या कानातून काहीतरी गरम मानेवर ओघळत होतं. काकांना त्याचं बोलणं एकाच बाजूनं ऐकू येत होतं. पोलीस आला, त्यानं विचारलं, आणि काका म्हणाले, "घरचाच आहे तो. सोडायला चालला होता मला. पैशाबिशाचा काही संबंध नाही." जबाबाखाली सही केली.

कवटीच्या हाडाला डावीकडे चीर गेली होती. चीर सांधली. पण कानात एक शिट्टी येऊन बसली, उंच, एकाच सुराची, न थांबणारी. डॉक्टर म्हणाले, आतली नस दुखावली आहे. यंत्र लागेल, उपचार वर्षभर चालतील, आणि किती परत येईल ते सांगता यायचं नाही. काका त्यांना म्हणाले, "शिट्टीसुद्धा जराशी उतरलेली आहे हो. सुरात तरी असती."

सारथी पहिले चार दिवस इस्पितळात रोज आला. वहिनींना घरी सोडलं, औषधं आणली, काकांचे पाय चेपू लागला तेव्हा काकांनी हाताला धरून त्याला थांबवलं. "सगळं विम्यातून होईल," तो म्हणत होता. "घरगुती विम्यात गाडीत बसलेल्या माणसालाही भरपाई असते. मी विचारून ठेवलंय. फक्त आपलं बोलणं एक पाहिजे." पाचव्या दिवशी तो आला नाही. गाडी दुरुस्तीला गेली आहे, धावपळ आहे, असा निरोप आला. पुढे निरोपही आटले.

दावा दाखल करायला बायकोच्या भाचीनं आपली मैत्रीण दिली. वकील, तिशीची, टेबलावर कागद आणि कागदांवर जेवणाचा डबा. काकांनी तिलाही तेच सांगितलं. घरचा माणूस, फुकट सोडत होता. बायको शेजारी बसून पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिली.

दोन महिन्यांनी वकीलबाईंनी बोलावून घेतलं. विमा कंपनीचं उत्तर आलं होतं. सारथ्याची गाडी दुरुस्त होऊन आली होती, तिचे पैसे कंपनीनं देऊन टाकले होते. काकांच्या इस्पितळाच्या खर्चालाही ती तयार होती. कानाला मात्र काही नाही.

"का नाही?" बायकोनं विचारलं.

"त्यांच्या म्हणण्याप्रमाणे काकांचे कान आधीच अधू होते. साक्षीदाराचा जबाब आहे." वकीलबाईंनी कागद पुढे सरकवला. "गाडीच्या मालकाचाच."

काकांनी चष्मा लावला. टाइप केलेल्या चारच ओळी होत्या. सदर गृहस्थांना मी तीन वर्षांपासून ओळखतो. त्यांच्याशी नेहमी मोठ्या आवाजात बोलावे लागत असे. ते स्वतःच मला मोठ्याने बोलण्यास सांगत. पुष्कळदा त्यांच्या कानांत कापूस असे. खाली सारथ्याची सही, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली.

काकांनी कागद दोनदा वाचला. मग तो बायकोकडे दिला आणि खिडकीबाहेर बघत बसले. बायकोचं वाचून झालं. तिनं कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"यातलं खोटं काय आहे, काका?" वकीलबाईंनी हलक्या आवाजात विचारलं. "म्हणजे आपण खोडून काढायचं काय?"

"काहीच खोटं नाही," काका म्हणाले. "शब्द न् शब्द खरा आहे."

त्या संध्याकाळी त्यांनी सारथ्याला फोन लावला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला.

"कापूस कशाला घालायचो, तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं काका."

"मग?"

"त्यांनी कशाला ते विचारलंच नाही. मोठ्यानं बोलावं लागायचं का, एवढंच विचारलं. लागायचं." मग तो घाईनं म्हणाला, "त्यांचा माणूस म्हणाला, कानाचा दावा मोठा आहे. मोठा दावा आला की सगळं खोदतात. माझी ॲपवरची नोंद काढणार होते. चार ओळी दिल्या तर प्रकरण इथंच मिटतंय. तुमचं काय जातंय काका? इस्पितळाचे पैसे तर मिळतायत."

"तुला नाही कळायचं काय जातंय ते," काका म्हणाले. पण लगेच त्यांना वाटलं, हे खोटं आहे. त्याला कळत होतं. कापसाचं कारण ऐकून ज्यानं गाडीत पुडकं आणून ठेवलं, त्याला बरोबर कळत होतं.

काय जातंय ते आठवड्याभरात समोर आलं. विमा कंपनीचा माणूस नाट्यगृहात चौकशीला जाऊन आला होता. व्यवस्थापक वीस वर्षांचा ओळखीचा, काकांच्या खांद्यावर हात ठेवणारा. तो घसा खाकरत म्हणाला, "राग मानू नका. मागच्या वर्षी त्या पाहुण्या वादकानं वरच्या सुरांबद्दल तक्रार केली होती ना, तेव्हा आपण त्याला वेड्यात काढलं. आता वाटतं... तुम्हाला तेव्हापासूनच त्रास होता का?"

काका तसेच मागच्या दारानं निघाले. घरी येऊन बायकोला म्हणाले, "चौतीस वर्षांतला एकेक गुरुवार आता लोक उलटून बघणार."

तडजोडीची बैठक विमा कंपनीच्या चौथ्या मजल्यावर होती. लांब टेबल, मध्ये प्लास्टिकची फुलं, एसीची घरघर. काकांनी उजवा कान टेबलाकडे येईल अशी खुर्ची निवडली. समोर अधिकारी, चष्मा कपाळावर चढवलेला, आवाजानं भला माणूस. त्याच्या बाजूला सारथी. केस पाण्यानं चापून बसवलेले, नजर फुलांवर.

अधिकाऱ्यानं मसुदा वाचून दाखवला. इस्पितळाचा सगळा खर्च, वर थोडी रक्कम, आणि काकांनी सही करायची की कानाचा दोष अपघाताआधीचा आहे हे त्यांना मान्य आहे.

"एवढंच विचारायचंय," काका म्हणाले आणि सारथ्याकडे वळले. "माझ्या कानांत कापूस का असायचा, ते यांना सांग. मग मी सही करतो."

सारथ्यानं अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्यानं चष्मा खाली घेतला.

"मला माहीत नाही," सारथी म्हणाला.

रंगमंचावर असा एक क्षण असतो, समोरचा नट आपलं वाक्य गिळून टाकतो आणि सगळं नाटक आपल्या एकट्याच्या अंगावर येतं. काकांनी खिशातून फोन काढला. वकीलबाईंनी त्यांच्या बाहीला हात लावला. बैठकीपूर्वी जिन्यात काकांनी त्यांना सगळं सांगितलं होतं, आणि त्या म्हणाल्या होत्या, हे बोललात तर दावा बुडेल, समूळ बुडेल. काकांनी बाही हळूच सोडवून घेतली.

"मी पोलिसांना खोटं सांगितलं," ते म्हणाले. "हा मला फुकट नेत नव्हता. दर गुरुवारी मी फेरी मागवायचो, हा दारात आला की रद्द करायचो, आणि पूर्ण भाडं याच्या हातात द्यायचो. यात सगळ्या रद्द फेऱ्या आहेत. तीन वर्षांच्या. वेळ तीच, दार तेच. अपघाताच्या दिवशीचीही आहे."

अधिकाऱ्यानं फोन घेतला आणि बोटानं खाली खाली सरकवत गेला. बराच वेळ नुसती घरघर ऐकू येत होती. काकांना तिच्यावर आपली शिट्टीही ऐकू येत होती.

"हे तुम्ही का सांगताय?" अधिकाऱ्यानं खरोखर कोड्यात पडून विचारलं. "पॉलिसी घरगुती वापराची आहे. भाडं घेतलं असेल तर ती लागूच होत नाही. इस्पितळाचे पैसेही नाहीत मग. टॅक्सी कंपनीच्या विम्यात बसायचं तर फेरी चालू पाहिजे. ती तुम्ही रद्द केलीत. स्वतःच्या हातानं."

"म्हणजे त्या गाडीत मी कोण होतो?"

"कागदावर?" अधिकारी म्हणाला. "कुणीच नव्हता."

बायको मागच्या खुर्चीवर होती. हा प्रश्न तिनं तीन वर्षांपूर्वीच विचारला होता.

सारथी उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्यातही अपमान होता. "घरचा माणूस म्हणाला होतात," तो म्हणाला. "जिकडेतिकडे सांगत फिरत होतात. घरच्या माणसाच्या पोटावर पाय देतात का? चार ओळींसाठी? मी तुमच्या पायाशी बसलोय इस्पितळात. माझी गाडी जाईल, खातं जाईल. केसानं गळा कापलात काका माझा."

काका ज्या वाक्यांनी त्याला घालून पाडून बोलणार होते, ती सगळी त्यानं आधीच वापरून टाकली होती.

"निदान त्या चार ओळी काढा," शेवटी ते अधिकाऱ्याला म्हणाले. "दावा गेला ना? मग त्या कशाला हव्यात?"

"दावा गेला म्हणजे फाइल बंद," अधिकारी म्हणाला, आणि हे सांगताना त्यालाही बरं वाटत नव्हतं. "कानाचा मुद्दा आता कुणी तपासणार नाही. आणि बंद फाइलीतलं आम्ही काही खोडत नाही."

उतरताना लिफ्टमध्ये वकीलबाई म्हणाल्या, नाट्यगृहातल्या लोकांची पत्रं आणता येतील, वेगळी तक्रार करता येईल. काका मान हलवत होते. बायकोनं त्यांचा मफलर नीट केला आणि म्हणाली, "शेगडी पुन्हा गळायला लागलीय. माणूस बघायला हवा दुसरा."

पुढच्या गुरुवारी काका बसनं नाट्यगृहात गेले. बॅगेतली निम्मी अवजारं घरी ठेवली होती. व्यवस्थापक आपल्या खोलीतून बाहेर आला. जुळवायला त्यानं दुसऱ्या कुणाला बोलावलं होतं हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

"काम करायला नाही आलो," काका म्हणाले. "एक नोंद राहिलीय."

मंचावर दिवे नव्हते. मागच्या दारातून येणाऱ्या उजेडात काकांनी पियानोचं झाकण वर केलं. आतल्या अंगाला एक जाड कार्ड टाचलेलं असतं. ज्या दिवशी पियानो जुळवला ती तारीख आणि जुळवणाऱ्याची सही. इथल्या कार्डाला वर्षानुवर्षं नवी कार्डं जोडत गेल्यामुळे त्याची वहीच झाली होती, आणि पानोपानी एकच सही होती. काकांनी पेन काढलं. शेवटच्या तारखेखाली त्यांनी अपघाताची तारीख घातली आणि सावकाश लिहिलं: आज डावा कान गेला. वरच्या सगळ्या तारखांना दोन्ही कान होते.

मग सही केली, आणि पेन व्यवस्थापकापुढे धरलं.

"साक्षीदार म्हणून," ते म्हणाले. "तुम्हाला खरं वाटत असेल तरच."

व्यवस्थापक पेनाकडे बघत राहिला. काका हात तसाच पुढे धरून उभे होते.